बाराव्याच्या आधी तेरावे

मी पाहिलेला पहिला सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूने पाहिला होता. पुढे तीसेक वर्षे सिनेमावर लिहीत आलेल्या माणसाने ही गोष्ट आरंभीच कबूल केलेली बरी. साल १९६८ असावे. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहिरमची यात्रा भरते. ती डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून अधिक चालते. माणसे राहुट्या ठोकून मुक्कामाला येत, हंडीत मटण शिजे, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जात, आणि अंधार पडला की टुरिंग टॉकीजच्या तंबूवरचा भोंगा सगळ्या मैदानाला हाका मारू लागे. आम्हा पोरांजवळ तिकिटाचे पैसे नसत, म्हणून मागची कनात उचलून आम्ही पोटावर सरकत आत शिरत असू, आणि जिथे डोके वर निघे ती जागा नेमकी पडद्यामागची असे. पडद्याचे कापड पातळ होते, त्यामुळे चित्र मागेही उमटे. फक्त सगळे उलटे. अक्षरे आरशात पाहिल्यासारखी दिसत आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी. घरी आल्यावर मी मायला सगळी गोष्ट सांगितली आणि नायक डावखुरा होता हेही सांगितले. तिने ते काही न विचारता मान्य केले.

कारकीर्द हा शब्द माझ्या कामाला थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखा सैल होतो. पोट भरले ते कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून आणि घरच्या चार एकरांतल्या संत्र्यांवर. १९८४ पासून मात्र मी जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला सिनेमाविषयी लिहू लागलो. शनिवारी रात्रीचा खेळ पाहायचा, रविवारी लिहायचे आणि सोमवारी सकाळी पाकीट एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचे, असा तो क्रम होता. मानधन इतके होते की तिकीट, चहा आणि पाकीट यांचा खर्च वजा जाता एक वही विकत घेता येई. त्या वहीत मी कविता लिहीत असे. माझ्या दोन्ही लेखनांचा आर्थिक संबंध एवढाच.

आमच्या भागात सिनेमा उशिरा येई. वास्तविक अमरावती हे सिनेमाच्या धंद्यातले लहान नाव नव्हे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणक्षेत्राच्या कितीतरी कचेऱ्या तिथे होत्या, आणि त्या शहरातल्या एका मोठ्या चौकाला आजही टॉकीजचेच नाव आहे. पण अमरावतीत सिनेमाच्या रिळांची पेटी उतरली म्हणजे ती तालुक्याला आली असे होत नसे. मोठ्या टॉकिजांत आठवडे निघाले, मग दुसऱ्या फळीच्या गावांत फिरली, मग केव्हातरी आमच्याकडे, आणि सर्वांत शेवटी बहिरमच्या तंबूत, अशी ती पेटी उतरत उतरत येई. वाटेत प्रत्येक ऑपरेटरने तुटलेली फीत कापून जोडलेली असे. एखादे गाणे दीड कडव्याचे होऊन येई. हाणामारीत नायकाने उगारलेला हात उगारलेलाच राही आणि पुढच्या क्षणी खलनायक जमिनीवर असे. अशा सिनेमाविषयी मी जे लिहीत असे ते ‘पाहा’ किंवा ‘पाहू नका’ असे सांगण्यासाठी कधीच उपयोगाचे नव्हते, कारण शहरातल्या वाचकाने तो सहा महिन्यांपूर्वीच पाहून टाकलेला असे आणि गावातला वाचक माझा लेख न वाचताही जाणारच असे. मग मी लिहीत तरी कशासाठी होतो, हा प्रश्न मला पहिली तीन वर्षे पडलाच नाही. तो १९८७ साली पडला.

आमच्याकडे प्रेक्षक सुरुवातीचे सेन्सॉरचे प्रमाणपत्र फार लक्षपूर्वक वाचत. त्यावर रिळांची संख्या लिहिलेली असे, आणि ‘सोळा रीळ’ दिसले की खालच्या वर्गातून समाधानाची आरोळी उठे, कारण पैसे वसूल होणार याची ती शासकीय हमी होती. हजार फुटांचे एक रीळ साधारण अकरा मिनिटे चालते. ऑपरेटर दोन-दोन रिळे जोडून एका स्पूलवर चढवीत, म्हणजे वरचेवर बदलण्याचा त्रास वाचे. त्या शनिवारी मी मायला सोबत घेऊन गेलो होतो. सिनेमा सामाजिक होता; त्याचे नाव इथे सांगत नाही, कारण त्यात त्याचा काहीच दोष नव्हता. मध्यंतरानंतर एक लहान मुलगी आजारी पडते. पुढच्याच दृश्यात भिंतीवर तिच्या फोटोला हार घातलेला दिसतो आणि आई खिडकीशी बसलेली असते. ही दहा-अकरा मिनिटे फार संथ होती. आणि मग एकाएकी तीच मुलगी अंगणात लंगडी खेळताना दिसली, धावली, पडली, हसली, तापाने फणफणली आणि आईच्या मांडीवर गेली.

मी थक्क झालो. मरण आधी आणि मरणाची रात्र नंतर, दुःख आधी आणि दुःखाचे कारण नंतर, अशी मांडणी आपल्या व्यावसायिक सिनेमात मी कधी पाहिली नव्हती. रविवारी मी जे लिहिले ते माझ्या तोवरच्या लेखनातले सर्वांत आवेशाचे लेखन होते. स्मृती काळाचा क्रम पाळत नाही, हे दिग्दर्शकाने ओळखले आहे, असे मी लिहिले. आणखीही बरेच लिहिले. ते कात्रण माझ्याजवळ आहे आणि मी ते कुणाला दाखवत नाही.

बुधवारपासून पोस्टकार्डे येऊ लागली. अमरावतीच्या एका वाचकाने सभ्यपणे विचारले होते की, आपण हा सिनेमा नेमका कुठे पाहिला. दुसऱ्याने इतकी सभ्यता दाखवली नव्हती. मी टॉकीजवर गेलो. ऑपरेटर माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, हसतमुख माणूस होता. कार्बनच्या कांड्यांच्या जाळाने त्याचे डोळे कायम लालसर असत. त्याने आधी जीभ चावली आणि मग हसत म्हटले, “सर, पोट्ट्यानं अकराव्याले तेरावं जोडलं. बाराव्याच्या आंधीच तेरवी उरकली.”

वऱ्हाडात तेराव्या दिवसाच्या जेवणाला तेरवी म्हणतात, हे वेगळे सांगायला नको. त्याच्या तोंडून तो विनोद सहज गेला. मी हसलो, वर्तमानपत्राने पुढच्या आठवड्यात माझी चूक एका लहान चौकटीत छापली, आणि महाविद्यालयात मला काही महिने ‘तेरवी सर’ हे नाव पडले. प्रकरण इथे संपायला हवे होते.

ते संपले नाही, कारण शनिवारी रात्री परत येताना माय जे बोलली होती ते मी लेखात घेतले नव्हते. रस्त्यात अंधार होता, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. ती बराच वेळ गप्प चालली आणि मग म्हणाली, “मेल्यावर पोरगी एक डाव आंगनात खेयून गेली. तसंच होते.” माझ्या आधीची एक बहीण गोवराने गेली होती, एवढेच मला घरातून कळलेले होते, तिचे नाव मायने माझ्यासमोर कधी घेतले नव्हते, त्या रात्रीही घेतले नाही. मी त्या वेळी दिग्दर्शकाच्या धाडसाविषयी मनात वाक्ये जुळवीत होतो, म्हणून ते बोलणे माझ्या कानांवरून गेले. चूक कळल्यावर मात्र ते परत आले. दिग्दर्शकाने तसे काही केलेच नव्हते. जे झाले होते ते एका पोऱ्याच्या हातून आणि मायच्या मनात. मग समीक्षा कशाची करायची?

त्या हिवाळ्यात वहीत पाच ओळी उतरल्या. आजवर माझ्या हातून झालेल्या कवितांपैकी हीच एक मला पाठ आहे.

तेरवी झाली आंधी,
मंग बारावं लागलं,
मंग पोरगी आंगनात
लंगडी खेयत आली.
माय म्हने, तसंच होते.

एकाच शनिवारच्या रात्रीतून एक साफ चुकलेली समीक्षा निघाली आणि एक न चुकलेली कविता निघाली. मला तेव्हापासून असे वाटते की, समीक्षकाला पडद्यावर काय होते याची जबाबदारी टाळता येत नाही. त्याने रीळ मोजलेच पाहिजे. कवीची जबाबदारी दुसरी असते. पडद्यासमोर बसलेल्या बाईच्या आत काय घडले ते खोटे पडू शकत नाही, मग पडद्यावर काहीही लागलेले असो. या दोन जबाबदाऱ्या एकाच माणसाने पाळायच्या ठरवल्या तर त्याने निदान त्यांची सरमिसळ करू नये. माझी मूळ चूक अशी की मायला जे दिसले ते मी दिग्दर्शकाच्या नावावर जमा केले.

१९८९ च्या उन्हाळी सुट्टीत मी पुण्याला चित्रपट रसास्वादाच्या अभ्यासक्रमाला गेलो, ते या फजितीचा धसका घेऊनच. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून तो चालवीत. एकेका दृश्याचे तुकडे करून, ते पुन्हा पुन्हा पाहून बोलण्याची जी पद्धत सतीश बहादूर यांनी तिथे रुजवली होती, ती माझ्यासारख्या एकदाच पाहून लिहिणाऱ्याला नवी होती. तिथे मला कळले की प्रोजेक्टरमध्ये एका सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात आणि दोन चित्रांच्या मध्ये झडप मिटते, म्हणजे प्रेक्षक जवळपास निम्मा वेळ काळोखात बसलेला असतो. यावर मी वसतिगृहात लागोपाठ चार कविता लिहिल्या. चारही वाईट होत्या. इतकी आयती उपमा हाती आली की कवितेला करायला काही उरत नाही.

पुण्यातून मी खरोखर घेऊन आलो ती गोष्ट वेगळी. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती आणि त्यांतली पहिले आणि शेवटचे एवढीच उरली आहेत, तीही १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे आपल्या सिनेमाच्या आरंभालाच मधली दोन रिळे नाहीत. पी. के. नायर तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख होते आणि कुठे अडगळीत, कुणाच्या घरी पडलेले तुकडे गोळा करण्यात त्यांचे आयुष्य चालले होते. हे ऐकून मला आमच्या टॉकीजमधल्या तुटक्या फितीची लाज वाटेनाशी झाली. परत आल्यावर मी सदराचा रोख बदलला. दर लेखाच्या शेवटी मी आमच्याकडे आलेल्या प्रतीत काय गळाले होते ते लिहू लागलो: अमुक गाण्याचे दुसरे कडवे नाही, न्यायालयातला प्रसंग अर्ध्यावर तुटतो, शेवटची पाटी नाही. वाचकांना हे आवडू लागले. काही जण शहरात पाहिलेला पूर्ण प्रसंग पोस्टकार्डावर लिहून धाडीत, आणि मी तो खेळाच्या आधी ऑपरेटरला वाचून दाखवी. तो म्हणे, “म्हंजे आपल्याकडचं बरं होतं.”

दोन वाड्यांचा पाहुणा उपाशी राहतो, तसे माझे साहित्यात झाले. कविसंमेलनात माझी ओळख ‘सिनेमावर लिहिणारे’ अशी करून दिली जाई आणि त्या ओळखीत थोडी कीव असे. सिनेमावाल्यांच्या चर्चेत मी काही बोललो की कुणीतरी हसून म्हणे, शेवटी कवीच ना. कवी आणि सिनेमा यांचा संबंध आपल्याकडे गाण्यापुरताच मानला जातो. तो संबंध लहान आहे असे मी म्हणणार नाही. अमरावतीच्या सुरेश भटांचे ‘उषःकाल होता होता’ १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये आले आणि नागपूरच्या ग्रेसांची कविता १९८९ च्या ‘निवडुंग’मध्ये, तेव्हा आम्ही टॉकीजमध्ये आपले माणूस भेटल्यासारखे ताठ बसलो होतो. पण कवी सिनेमाविषयी गद्य लिहितो, चिडून लिहितो, हिशेब मागतो, हे लोकांना पटत नाही. वरुडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पठारावर छिंदवाडा आहे. तिथे १९४० मध्ये जन्मलेले विष्णू खरे हिंदीतले मोठे कवी झाले आणि सिनेमाचे तितकेच कडक समीक्षकही. त्यांची कविता पाहायला गद्यासारखी दिसते. मी ती प्रथम वाचली तेव्हा मला वाटले, या माणसाने दोन वह्या ठेवल्याच नाहीत. माझ्याच्याने ते झाले नाही.

माझ्या दोन वह्या वेगळ्याच राहिल्या, आणि त्याचे कारण बागेत आहे. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. झाड मलूल होते, पाने कोमेजतात, शेजारी येऊन विचारतो की मोटार बिघडली काय. मग पाणी सोडले की फुले फुटतात. समीक्षेला ताण देता येत नाही. ती सोमवारच्या गाडीने जायची असते. कवितेला मात्र मी इतका ताण दिला की पहिला संग्रह निघायला १९९६ साल उजाडले, आणि तोही अठ्ठेचाळीस पानांचा. काही झाडे ताणात वाळूनही जातात, हे बागाईतदाराला माहीत असते.

समीक्षक म्हणून मी एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली आहे, आणि ती इथे जरा बढाईने सांगतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भ बातम्यांत आला, तसा तो सिनेमांतही येऊ लागला. त्यातल्या कितीतरी सिनेमांत आणि माहितीपटांत एक दृश्य ठरलेले असते: भेगाळलेली जमीन, तिच्यावर उभा शेतकरी, त्याची नजर आभाळाकडे. शहरातल्या समीक्षणांत या दृश्याची वाहवा होते. मी दर वेळी लिहीत आलो की, बाबांनो, ही काळी कपाशीची जमीन आहे. ती दर उन्हाळ्यात फाटते, चांगल्या वर्षीही फाटते, हात जाईल इतकी फाटते, आणि ती फाटते म्हणूनच वरची माती आत जाऊन जमीन आपोआप उलथते. भेग ही आमच्याकडे दुष्काळाची नव्हे, एप्रिलची खूण आहे. शेतकरी मेला तो कोरडवाहू कपाशीच्या खर्चाने, कर्जाने आणि भावाने, आणि या तिन्ही गोष्टी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत नाहीत म्हणून तो भेगेसमोर उभा राहतो. एका चित्रातल्या एका खोट्याबद्दल इतके चिडणे हे समीक्षकाचे काम की कवीचे, हे मला आजही सांगता येणार नाही.

२००९ मध्ये सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला, तेव्हा मी तो दूर जाऊन पाहिला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एक बाई आपल्या नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागे धाडते. त्या पाळतीत कितीतरी ठिकाणी हसू येते, आणि हसू येते म्हणूनच ती सोसवत नाही. नावाचा अर्थ काय, असे मला अनेकांनी विचारले. मला तो सांगता येईना, म्हणजे सांगण्याची गरज आहे हेच पटेना. वखर मोडले की माय वखराला गाभ्रीचं म्हणे, वीज गेली की विजेला म्हणे, आणि लाडात आली की मलाही म्हणे. मी त्या सिनेमाचे समीक्षण अर्धे वऱ्हाडीत लिहिले. वर्तमानपत्राने ते प्रमाण मराठीत करून छापले, आणि फोनवर मला समजावण्यात आले की कवितेत चालते, समीक्षेत चालत नाही. मी पंचवीस वर्षे हीच विभागणी स्वतः पाळत आलो होतो, त्यामुळे भांडायला माझ्याजवळ तोंड नव्हते. विचार प्रमाण भाषेत आणि दुःख बोलीत, ही वाटणी मीच करून दिली होती. तिच्यात मायचे ते वाक्य समीक्षेत कधीच बसले नसते, आणि खरे पाहता १९८७ च्या त्या सिनेमावर इतके नेमके दुसरे कुणी बोलले नव्हते. त्यानंतर मी सदर चालवले ते वर्षभरच. तोवर टॉकीजही बंद पडले होते आणि त्यात सोयाबीनची पोती लागली होती.

माय २०११ च्या पावसाळ्यात गेली. तेरवीला ऑपरेटर आला. म्हातारा झाला होता, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली होती, काळा चष्मा लावून तो मांडवाच्या कडेला बसला. मी जवळ जाऊन बसलो. तो बराच वेळ पंगतीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “सर, त्या वक्ताले मी पोट्ट्याचं नाव घेतलं. ते रीळ मीच जोडलं होतं. दुपारी डोळा लागला होता माहा.”

चोवीस वर्षे तो हे मनात ठेवून होता, याचे मला नवल वाटले. मी म्हणालो, जाऊ द्या भाऊ. तो म्हणाला, “त्या दिवशी तुमची माय सोबत होती नं? काय म्हने ते?”

मी त्याला सांगितले. माझ्या कवितेविषयी सांगितले नाही, फक्त ते वाक्य तिच्या बोलीत, जसेच्या तसे. त्याने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

“मंग बराबर लागलं होतं,” तो म्हणाला. तेवढ्यात दुसरी पंगत बसल्याची हाक आली आणि मी त्याचा हात धरून त्याला उठवले.